मार्गी लावणे

मराठीत एखादी गोष्ट हातावेगळी करण्यासाठी दोन वाक्प्रचार आहेत. एक 'मार्गी लावणे' आणि दुसरा 'वाट लावणे'. मार्ग म्हणजे वाट आणि वाट म्हणजे मार्ग. शब्दकोशात या दोहोंत फारसा भेद नाही. पण त्यांच्यापुढे 'लावणे' आले की त्यांच्यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडते. मुलगी चांगल्या घरी पडली, मुलगा पोटापाण्याला लागला, की आईबाप म्हणतात, पोरे मार्गी लागली. तोच मुलगा वाडवडिलांची जमीन फुंकून मोकळा झाला की गाव म्हणते, याने घराची वाट लावली. हातातून सुटणे दोन्हींत आहे. परंतु एकात सुटलेल्या गोष्टीचे पुढे काय व्हावे याची काळजी आहे, दुसऱ्यात ती नाही. हा भेद ज्या कोणा अनामिक मराठी माणसाने प्रथम केला तो नीतिशास्त्राचा पंडित नसेल. पण नीती कशात असते हे त्याला पक्के ठाऊक होते.

या भेदाचा विचार करण्यासाठी मी जी वस्तू निवडली आहे ती दिवाळी अंकाच्या पानावर जरा विजोड दिसेल. ती म्हणजे मोटारीचा झिजलेला टायर. चकली-करंजीच्या ताटाशेजारी हा काळा पाहुणा कशाला, असे गृहिणींना वाटणे साहजिक आहे. त्यांनी थोडा धीर धरावा. त्या ताटाचा आणि या टायरचा संबंध आहे, आणि तो पुढे येईलच.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व अंगाला शिरूर आणि दौंड हे दोन तालुके एकमेकांना लागून आहेत. शिरूर घोड नदीच्या काठी. जुनी माणसे त्या गावाला अजून घोडनदीच म्हणतात. पुण्याहून पूर्वीच्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, जाणारा हमरस्ता तेथून जातो. दौंड भीमेच्या काठी. आगगाडीचे मोठे जंक्शन. त्याच्या तालुक्यातून पुणे-सोलापूर हमरस्ता यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ असा पुढे धावतो. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याला उतरणारा रस्ता या दोन हमरस्त्यांना सांधतो, आणि त्या रस्त्याने माझे वरचेवर जाणेयेणे असते. एका बाजूला रांजणगावची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला कुरकुंभची. मध्ये ऊस, साखर कारखाने आणि गुऱ्हाळे. दहा चाकांच्या, बारा चाकांच्या, कधी बावीस चाकांच्या मालमोटारी येथे रात्रंदिवस धावतात. रस्त्याच्या कडेला दर काही अंतरावर पंक्चर काढणाऱ्याची टपरी असते, आणि टपरीची खूण म्हणजे बाहेर उभा करून ठेवलेला टायर. या भागात ज्याला टायर पाहायचे नसतील त्याने डोळे मिटूनच प्रवास करावा.

आपल्याकडे टायर सहजासहजी मरत नाही. मालमोटारीवर झिजला की त्यावर नवे रबर चढवून तो पुन्हा रस्त्यावर येतो; यालाच लोक रिमोल्ड करणे म्हणतात. तेथूनही उतरला की उसाच्या बैलगाडीला लागतो. ऊसतोडीच्या टोळ्यांत लाकडी चाकाच्या गाडीहून वेगळी म्हणून 'टायरगाडी' अशी नावाची जातच आहे. बैलगाडीखालीही टिकेना झाला की त्याचे तुकडे पडतात. कोणी त्यातून चपलेचा तळ कापतो. कोणी अर्धा कापून गुरांना पाणी पाजायला ठेवतो. वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून छपरावर टायर टाकलेला नाही अशी वस्ती मी तरी या रस्त्यावर पाहिलेली नाही. आणि हे सगळे झाल्यावर एखादा उघडा पोरगा काठीने टायर हाकत धुळीतून धावत असतो. त्याच्यापुढे बावीस चाकांच्या गाडीच्या ड्रायव्हरचीही ऐट फिकी पडावी.

ही काटकसर गरजेतून आलेली आहे. तिला मी उगाच तत्त्वज्ञानाचा शेंदूर फासणार नाही. पण तिच्यात एक गोष्ट घेण्यासारखी आहे. वस्तू हातातून जाते, ती कोणाच्या तरी डोळ्यांसमोरच जाते. चपला शिवणाऱ्याला माहीत असते की हा तळ कोणाच्या पायाला लागणार. पुढे टायरांची संख्या इतकी वाढली की एवढ्या चपला, एवढी कुंडे, एवढी छपरे जगात नाहीत. मग ढीग साचू लागले. प्रश्न खरा तेथून सुरू होतो.

ढीग का साचतात याला एक मजेदार कारण आहे. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत कडक होऊन तडकते. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थाने १८३९ साली रबरात गंधक मिसळून ते तापविले, आणि एक नवाच पदार्थ हाती आला. रबराच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या असतात. गंधक त्यांना जागोजाग सांधून एकमेकींना जखडून टाकते. मग ते रबर उन्हाने पाघळत नाही, थंडीने तडकत नाही, ताणले तर पुन्हा मूळ पदावर येते. साऱ्या जगाची वाहतूक या शोधावर उभी राहिली. गुडइयर मात्र १८६० साली कर्जातच वारला. परंतु ज्या सांध्यांनी टायरला बळ दिले त्यांनीच त्याचे मरणही काढून घेतले. लोखंड वितळवून पुन्हा लोखंड होते, काच वितळवून पुन्हा काच होते. टायर वितळत नाही. तापवीत गेले तर तो जळतो, पण पुन्हा कच्चे रबर होत नाही. आपल्याकडे अश्वत्थामा चिरंजीव आहे खरा, पण त्याचे चिरंजीवित्व वर नसून शाप आहे. भाळावरची जखम घेऊन तो रानोमाळ हिंडतो. झिजलेला टायर हा या यंत्रयुगातला अश्वत्थामा आहे. त्याला मरणही नाही आणि त्याला कोणी घरातही घेत नाही.

असा चिरंजीव नुसता पडून राहिला तरी उपद्रव देतो. त्याच्या पोकळीत पावसाचे पाणी साठते आणि डेंग्यूचा डास तेथे अंडी घालतो. १९८५ साली अमेरिकेत टेक्सासमधील ह्यूस्टन येथे आशियातला एक डास ठाण मांडून बसलेला आढळला. तो आशियातून आलेल्या जुन्या टायरांतून उतरला होता. ढिगाला आग लागली तर ती विझता विझत नाही. फेब्रुवारी १९९० मध्ये कॅनडातल्या हेगर्सव्हिल गावी एक कोटीहून अधिक टायरांचा ढीग पेटला आणि सतरा दिवस जळत राहिला. म्हणजे टायर पुरता येत नाही, वितळवता येत नाही, नुसता ठेवताही येत नाही. मग करायचे काय?

एक सोपे उत्तर आहे, ते म्हणजे जाळणे. आणि येथे दिवाळीच्या ताटाचा संबंध येतो.

दौंड तालुका गुळासाठी प्रसिद्ध आहे. गुऱ्हाळाचे काम ज्याने पाहिले आहे त्याला ते विसरता येत नाही. चरकातून उसाचा रस निघतो, मोठ्या काहिलीत पडतो, खाली चुलाणात जाळ धडधडत असतो, भेंडीच्या चिकाने मळी वर येते ती काढली जाते, आणि रस आटून कोणत्या क्षणी काहील उतरवायची हे गुळव्या केवळ नजरेने ठरवितो. पूर्वी जळण म्हणजे त्याच उसाची वाळलेली चिपाडे. ऊसच उसाला शिजवीत असे. परंतु गुऱ्हाळे वर्षभर चालू लागली, पावसाळ्यात चिपाड वाळेना, लाकूड महाग झाले. टायर मात्र स्वस्त, आणि वजनास वजन चांगल्या दगडी कोळशाइतकी उष्णता देणारा. काही गुऱ्हाळांच्या चुलाणांत टायर, प्लॅस्टिक, जुन्या चपला जातात अशा तक्रारी गेली कित्येक वर्षे वर्तमानपत्रांतून येत आहेत. सगळीच गुऱ्हाळे तशी नाहीत. चिपाडावर निष्ठेने गूळ करणारेही आहेत, आणि त्यांच्यावर अन्याय होता कामा नये. पण जेथे टायर जळतो तेथे काजळी, गंधकाचा वायू आणि कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये धुराड्यातून बाहेर पडतात, आणि शेजारच्या वस्तीवर, पिकावर, कपड्यांवर बसतात. काहील तर उघडीच असते.

आपल्या ताटातल्या अनारशात गूळ आहे. दुकानात तो घेताना आपण त्याचा रंग पाहिला, भाव विचारला. तो कशावर शिजला हे विचारले नाही. गुऱ्हाळवाल्याला दोष देणे सोपे आहे. पण त्याने टायरची जी वाट लावली ती आपल्याच गाड्यांच्या टायरची, आणि आपल्यालाच स्वस्त गूळ देण्यासाठी. धूर मात्र गुऱ्हाळाशेजारच्या कोपीत राहणाऱ्या मजुराच्या वाट्याला आला. वाट लावण्याचे हे एक लक्षण मला दिसते: ज्याची सोय होते तो एकीकडे असतो आणि ज्याची गैरसोय होते तो दुसरीकडे, आणि दोघांची गाठ कधी पडत नाही.

टायर बंद भट्टीत हवेशिवाय तापवून त्यातून तेल काढण्याचाही एक धंदा आहे. तो नीट केला तर निषिद्ध नाही, पण तो नीट करणे खर्चाचे आहे. परदेशांतले जुने टायरही अशा भट्ट्यांसाठी आपल्या देशात येत. २०२२ च्या नियमांनी या कामासाठी होणारी आयात बंद केली. तरीही जानेवारी २०२५ मध्ये पालघर जिल्ह्यातील वाडा येथे अशाच एका कारखान्यात स्फोट झाला आणि दोन स्त्रिया व दोन मुले प्राणास मुकली. तेथे युरोपातून आलेले टायर वापरले जात असल्याचे नंतर वृत्तात आले. युरोपातल्या ज्या सद्गृहस्थाने आपल्या गाडीचे टायर बदलले, त्याने ते नियमाप्रमाणे दुकानदाराच्या स्वाधीन केले असतील. त्याच्या दृष्टीने ते मार्गी लागले. मार्ग कोठे गेला हे त्याला कळले नाही, आणि बहुधा कधी कळणारही नाही.

आता दुसरे उत्तर पाहू. ते अधिक शहाणपणाचे आहे, आणि शब्दशः मार्गी लावण्याचे आहे. टायर दळून त्याचा चुरा करायचा आणि तो रस्त्याच्या डांबरात मिसळायचा.

ही युक्ती रूढ करण्याचे श्रेय अमेरिकेतील फिनिक्स शहराच्या चार्ल्स मॅकडोनल्ड या अभियंत्याला देतात. १९६० नंतरच्या दशकात रस्त्यांची डागडुजी करता करता त्याने गरम डांबरात रबराचा चुरा मिसळून पाहिला. चुरा डांबरातली हलकी तेले शोषून फुगतो आणि डांबर दाट, चिवट होते. असा रस्ता उन्हात लवकर मऊ पडत नाही आणि त्याला भेगाही उशिरा जातात. भारतात इंडियन रोड्स काँग्रेसने १९९९ साली अशा डांबरासाठी मार्गदर्शक नियम काढले, आणि त्यानंतर अनेक हमरस्त्यांवर ते वापरले गेले. टायर प्रथम यंत्रात फाडतात, लोहचुंबकाने त्यातली पोलादी तार ओढून घेतात, धाग्यांचा कापूस वेगळा करतात आणि उरलेले रबर साखरेच्या कणाएवढे दळतात.

मी एकदा याचा ढोबळ हिशेब मांडला. सात मीटर रुंद आणि एक किलोमीटर लांब रस्त्यावर चार सेंटिमीटर जाडीचा थर घातला, तर खडी-डांबराचे मिश्रण सुमारे साडेसहाशे टन लागते. त्यात डांबर छत्तीस टनांच्या आसपास. डांबराच्या एक-दशांश चुरा घातला तर साडेतीन टन रबर झाले. मालमोटारीच्या एका टायरातून तीस किलो चुरा निघतो असे धरले, तर एक किलोमीटर रस्ता शंभर-सव्वाशे टायर पोटात घेतो. म्हणजे दहा-बारा मालमोटारींची पादत्राणे. शिरूरपासून चौफुल्यापर्यंतच्या रस्त्यात काही हजार टायर सहज सामावतील. ज्या चाकांनी रस्ता झिजविला तीच चाके रस्ता होऊन खाली निजतील. या कल्पनेत एक न्याय आहे आणि थोडे काव्यही आहे.

पण काव्य दिसले की मला अधिक सावध व्हावेसे वाटते. दौंडकडच्या काळ्या मातीवरचा रस्ता फाटतो तो बहुतेक वेळा खालची माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते म्हणून. वरच्या थरात रबर घातल्याने पाया सुधारत नाही. रबराचे डांबर साध्या डांबरापेक्षा अधिक तापवावे लागते, आणि त्याचा धूर अभियंत्याच्या नाकात जात नाही. पायाला फडकी गुंडाळून खडी पसरणाऱ्या बाईच्या नाकात जातो. शिवाय एक गोष्ट अगदी अलीकडे कळली आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सिएटलच्या आसपासच्या ओढ्यांत पाऊस पडला की कोहो जातीचे सामन मासे अंडी घालण्यापूर्वीच मरत. कारण वर्षानुवर्षे सापडत नव्हते. डिसेंबर २०२० मध्ये ते प्रसिद्ध झाले. टायर हवेने तडकू नये म्हणून त्यात एक रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन त्याचे विष बनते, आणि रस्त्यावर उडालेल्या टायरच्या भुकटीतून ते पावसाबरोबर ओढ्यात जाते. आपल्याकडे ते सामन मासे नाहीत. पण शिरूरच्या रस्त्याची धूळ घोडीत जाते, घोड भीमेला मिळते, आणि भीमा दौंडवरून उजनीच्या जलाशयात उतरते. त्या पाण्यावर शेते आहेत आणि सोलापूरसारखी शहरे आहेत. या भुकटीतला मोठा वाटा धावत्या टायरांचा असतो. डांबरात घट्ट बसलेला कण त्या मानाने कमी उडतो. म्हणून रस्त्यात टायर घालणे मला योग्यच वाटते. फक्त ते घालून झाले म्हणजे प्रश्न पुरला गेला, असे वाटत नाही.

फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर १९७२ साली असाच एक प्रश्न पुरला गेला होता. सुमारे वीस लाख टायर एकमेकांना बांधून समुद्रात सोडण्यात आले. हेतू उदात्त होता: टायरांची अडचणही दूर व्हावी आणि माशांना घरेही मिळावीत. लोकांना तो उपक्रम फार आवडला. पुढे बांधलेले पट्टे तुटले, टायर लाटांबरोबर लोळू लागले आणि जवळच्या खऱ्या प्रवाळावर आपटू लागले. २००७ पासून पाणबुडे लावून ते बाहेर काढण्याचे काम हाती घ्यावे लागले. हे करणारी माणसे दुष्ट नव्हती. दुष्टपणाने जगाचे जेवढे नुकसान होते त्याहून अधिक नुकसान एका दगडात दोन पक्षी मारल्याच्या समाधानाने होत असावे, असे मला कधी कधी वाटते. त्या समाधानात माणूस मागे वळून पाहायचे विसरतो.

आणि आता सर्वांत नाजूक जागा: मुलांचे मैदान.

टायर मैदानात दोन रूपांनी जातो. एक अखंड. झाडाला टांगलेला झोका, रंगवलेल्या टायरांचा बोगदा, चढायची उतरंड. बंगळूरची अँटहिल क्रिएशन्स ही संस्था शाळांसाठी अशी मैदाने उभारते, आणि ज्या शाळेत घसरगुंडीही नव्हती तेथे त्यामुळे मुलांना हुंदडायला मिळते. दुसरे रूप चुऱ्याचे. रबराचे कण चिकटवून केलेली मऊ फरशी, किंवा कृत्रिम हिरवळीत पसरलेले सुटे कण. मऊ फरशीवर पडलेल्या मुलाचे डोके फुटत नाही, आणि चाकांच्या खुर्चीवरचे मूलही झोक्यापर्यंत पोहोचू शकते. हे फायदे खरे आहेत. तशाच शंकाही खऱ्या आहेत. अमेरिकेतल्या सरकारी संस्थांनी सुट्या कणांचा अभ्यास केला. कणांत घातक द्रव्ये आढळली, पण ती मुलांच्या अंगात जाण्याचे प्रमाण थोडे असावे असे त्यांना दिसले. युरोपीय संघाने २०२३ साली निराळा विचार केला: हे कण मातीत आणि पाण्यात पसरून कायमचे राहतात, म्हणून मैदानावर पसरण्यासाठी ते विकण्यास ऑक्टोबर २०३१ पासून बंदी घातली. आणि दौंडच्या वैशाखात काळे रबर अनवाणी पायाला कसे लागेल, हे सांगायला कोणत्याही संस्थेच्या अहवालाची गरज नाही.

हे सगळे वाचताना मला नेहमी कठोपनिषदातला मुलगा आठवतो. नचिकेताच्या बापाने सर्वस्वदानाचा यज्ञ मांडला होता. दक्षिणेच्या गाई बाहेर निघाल्या, तेव्हा पोराने पाहिले की त्या म्हाताऱ्या, वठलेल्या, शेवटचे गवत खाऊन झालेल्या गाई आहेत. घेणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. देणाऱ्याची दावण तेवढी मोकळी होणार आहे. पोराला ते दान पाहून लाज वाटली, आणि त्याने बापाला विचारले की मग मला कोणाला देणार? एकदा, दोनदा, तीनदा विचारले. शेवटी बाप संतापला आणि तुला मृत्यूला दिले असे म्हणून गेला. पुढचा संवाद जगप्रसिद्ध आहे, पण मला त्याच्या आधीचा हा प्रसंगच जास्त मोलाचा वाटतो. दान आणि अडगळ काढणे यांतला फरक घरातल्या सर्वांत लहान माणसाने ओळखला. मोठी माणसे मंत्र म्हणण्यात गुंतलेली होती.

शाळेला टायर देताना आपणही हा प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. हे मुलांसाठी आहे की टायरांसाठी? टायर मुलांसाठी असेल तर त्याला तळाशी भोके पाडलेली असतील, म्हणजे पाणी साठणार नाही. त्यातली तार बाहेर आलेली नसेल. तो सावलीत टांगलेला असेल. फरशी असेल तर तिचे कण सुटू लागल्यावर कोण पाहायला येणार हे ठरलेले असेल. आणि टायर मुलांसाठी नसून मुले टायरांसाठी असतील, तर उद्घाटनाचे छायाचित्र निघेल, रंग दोन पावसांत उडेल, आणि तिसऱ्या पावसाळ्यात त्या रंगीत बोगद्यात डासांची शाळा भरेल. दोन्हींत टायर तेच, मैदान तेच. फरक फक्त माणूस पुन्हा तेथे आला की नाही, एवढाच.

साधी कसोटी अशी सुचते. जे आपण दुसऱ्याच्या मुलाच्या पायाखाली घालतो, ते सर्व माहिती असताना आपल्या मुलाच्या पायाखाली घालू काय? कोप्यांतल्या ऊसतोड मजुरांच्या मुलांना कोणी विचारीत नाही. हंगामापुरती ती बीडकडून, नगरकडून येतात आणि हंगाम संपला की जातात. त्यांच्या साखरशाळेला काय मिळाले आणि कसे मिळाले याची तक्रार कोण करणार? ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला दिलेले दान दुप्पट तपासून द्यावे. उत्तर 'घालू' असे आले तर टायर खुशाल घालावा, आणि अगदी आनंदाने घालावा. झोका शेवटी झोकाच असतो. तो चंदनाचा नाही म्हणून मूल हिरमुसत नाही.

कायद्यानेही आता या दिशेने एक पाऊल टाकले आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने नियम केले की टायर बनविणाऱ्याने झिजलेल्या टायरचीही जबाबदारी घ्यावी. पहिल्या वर्षी पस्तीस टक्के, दुसऱ्या वर्षी सत्तर, आणि २०२४-२५ पासून, दोन वर्षांपूर्वी जितके बनविले त्याच्या शंभर टक्के. नोंदणी झालेला कारखाना टायरचा चुरा करतो आणि प्रमाणपत्र काढतो. टायर कंपनी ते विकत घेऊन आपली जबाबदारी पुरी करते. ही व्यवस्था चांगली आहे. जन्म देणाऱ्याने शेवटाचीही चौकशी करावी हे तत्त्व कोणत्याही शास्त्राला मान्य होईल. पण प्रमाणपत्राने जबाबदारी फिटते, हे वाक्य कायद्याच्या पुस्तकात ठीक आहे. नीतीच्या पुस्तकात ते तसेच्या तसे उतरत नाही. कागद कंपनीच्या दप्तरात जातो. टायर कोठे गेला हे तो टायरच सांगू शकेल, आणि टायर बोलत नाही.

मग तुम्ही-आम्ही काय करावे? प्रश्न मोठा आहे म्हणून उत्तरही मोठेच असले पाहिजे असे नाही. चाकात हवा बरोबर ठेवावी. कमी हवेचा टायर लवकर झिजतो. रिमोल्ड होण्यासारखा असेल तर फेकू नये. नवा घेताना जुना कोठे जाणार, हे दुकानदाराला विचारावे. त्याला उत्तर येणार नाही, तो हसेलही. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारले की अकराव्याच्या वेळी तो उत्तर शोधून ठेवील. गुळाच्या दुकानात भावाबरोबर जळणही विचारावे. चिपाडावर केलेल्या गुळाला चार पैसे अधिक पडले तर ते द्यावेत. ते पैसे गुळाचे नसतात, कोणाच्या तरी मोकळ्या श्वासाचे असतात. आणि गावात टायरचे मैदान होत असेल तर उद्घाटनाला गेले नाही तरी चालेल, दुसऱ्या पावसाळ्यानंतर मात्र एकदा जाऊन यावे.

मुलगी मार्गी लागली असे म्हणणारी आई लग्नानंतर तिला विसरत नाही. दिवाळसणाला बोलावते, खुशाली विचारते, चेहरा जरा उतरलेला दिसला की बाजूला घेऊन खोदून खोदून विचारते. मार्गी लावणे याचा तिच्या लेखी अर्थ हात झटकणे असा कधीच नव्हता; मार्गाकडे पाहत राहणे असाच होता. माणसांच्या बाबतीत आपल्या आयांना जे न शिकविता कळले, ते वस्तूंच्या बाबतीत आपल्याला आता शिकावे लागणार आहे. कारण मरण नसलेल्या वस्तू आपण जन्माला घातल्या आहेत, आणि ज्याला मरण नाही त्याच्या पालकत्वालाही शेवट नाही.